आईवडिलांचा रिपोर्ट बिघडलाय, वजनही उतरलंय? शाकाहारी आहारातून वजन वाढवण्याआधी हे करा

रिपोर्ट हातात आला की नजर थेट ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. घाबरू नका. बहुतेक तपासण्यांची 'नॉर्मल' मर्यादा ९५ टक्के निरोगी माणसांना धरून आखलेली असते, म्हणजे ठणठणीत माणसांतही विसात एखाद्याचा आकडा बाहेर जातोच. म्हणून पहिलं काम, जुने रिपोर्ट शोधून तारखेप्रमाणे लावा. आकडा कुठून कुठे सरकला, हे त्यातून कळतं.

मग वजन. सहा ते बारा महिन्यांत, काही न करता ५ टक्क्यांहून जास्त उतरलं असेल (६० किलोच्या माणसाचे ३ किलो), तर खाऊ घालण्याआधी कारण शोधायचं. साखर फार वाढली असेल किंवा थायरॉइड जास्त काम करत असेल (तेव्हा रिपोर्टमधला टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाचा आकडा, खूप खाली जातो), तर खाल्लेलं अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन आणि लोह कमी दिसलं की 'शाकाहारी आहेत ना, म्हणून' असं म्हणून आपण मोकळे होतो. ते चुकतं. या वयात पोटातून किंवा आतड्यातून रक्त जात नाही ना, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बी१२ कमी असेल तर आहाराबरोबर गोळ्याही बघा: मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळेही ते घटतं. आणि हो, तोंडात डोकावा. सैल कवळी कुठल्याच रक्ततपासणीत दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, 'ताकदीच्या' म्हणून आणलेल्यासुद्धा. त्यातलं बायोटिन हे जीवनसत्त्व थायरॉइडचे आकडे फसवे दाखवू शकतं.

कारण कळलं, उपचार सुरू झाले, की आहार. रोज ३०० ते ५०० कॅलरी वाढवल्या तरी पुरे. ताट मोठं केलंत तर म्हातारं माणूस ते बघूनच उठतं. आहे तोच घास दमदार करा. वरणात छोटा चमचाभर तेल म्हणजे साधारण ४५ कॅलरी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिनं. चावत नसतील तर कूट करून दह्यात कालवा. लापशी पाण्याऐवजी दुधात शिजवा. प्रथिनं दिवसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. चहा जेवणाला लागून नको, लोह नीट शोषलं जात नाही. गोडधोडाने वजन वाढेल, पण चरबीचं.

खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, जमेल तसं. एवढं तरी हवंच, नाहीतर स्नायू भरत नाहीत.

एक सावधगिरी: आठवडाभर जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, तर एकदम भरपूर खायला देऊ नका. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं. अशा वेळी सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. अर्धा किलो वाढलं तरी छान. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि पाय सुजले, तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.