मॉडेलसोबतचं पहिलं शूट: तयारी आधीच उरका

कसे फोटो हवेत ते दाखवणारे नमुन्याचे आठ-दहा फोटो मॉडेलला दोन दिवस आधी व्हॉट्सअॅपवर पाठवा. "छान काहीतरी करू" म्हणून गेलात की पहिला तास चर्चेतच जातो. फोटो कुठे वापरणार, एडिट केलेले किती आणि कधी देणार, मानधन किती, हे लेखी ठरवा. सोबत कुणाला आणायचं असेल तर खुशाल आणू दे.

कपड्यांचे तीन जोड पुरेत. बारीक रेघांचा शर्ट नको, फोटोत त्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. घरून सैल कपड्यांत यायला सांगा. घट्ट इलॅस्टिकचे वळ जायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि ते एडिटिंगमध्ये पुसणं म्हणजे निव्वळ डोकेदुखी.

जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला पाहून या. झाडाखालची सावली फसवी: चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडतात, पानांमुळे कातडी हिरवट दिसते. इमारतीची सावली बरी. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यावर ट्रायपॉड लावायचा तर परवानगी आधी काढा.

८५ एमएम लेन्स असेल तर एफ/२.८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा), शटर १/२५० सेकंदापासून सुरुवात करा. एफ/१.८ चा मोह होतोच, छिद्र जास्त उघडं म्हणून मागचं जास्त धूसर होतं; पण जवळून काढताना मान जराशी वळली की एकच डोळा शार्प येतो. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवा.

पहिले वीसेक फोटो अवघडलेलेच येतात. तेवढ्यात एक्स्पोजर (फोटोत उजेड किती येतो ते) जुळवून घ्या, आणि मॉडेलला स्क्रीन दाखवायची ती एखादा चांगला फोटो आल्यावरच.