हाताने केलेली भेट: पहिल्या टाक्याआधीच्या या चुका टाळा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हाताला कला असलेली घरे काही कमी नाहीत. बारसे, वास्तुशांत, लग्न किंवा गौरी-गणपती जवळ आले की अशा घरात कोणी क्रोशाची सुई शोधू लागते, कोणी जुन्या नऊवारी धुऊन वाळत घालते, तर कोणी मुलांच्या चित्रकलेच्या वहीत तोरणाचा नमुना काढायला बसते. केलेली वस्तू मनासारखी उतरली नाही तर दोष बहुधा हाताला दिला जातो. टाके सैल पडले, शिवण ओढली गेली, नीट विणता आले नाही, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात यांतील बहुतेक दोष माप घेताना, कापड निवडताना आणि दिवस मोजतानाच ठरून गेलेले असतात, आणि सुई हाती घेतल्यावर ते केवळ दिसू लागतात.

तोरणाचे माप अंदाजाने धरणे

क्रोशाचे तोरण ही कोकणात आवडीने दिली जाणारी भेट आहे आणि ती सर्वाधिक वेळा मापातच चुकते. आपल्या घराचा दरवाजा तेवढाच समोरच्याचा असेल असे गृहीत धरले जाते. जुन्या चिरेबंदी घरात ओटीवरचा दरवाजा आणि माजघराचा दरवाजा यांचीसुद्धा रुंदी सारखी नसते. मग मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याच्या फ्लॅटच्या दरवाजाची गोष्टच वेगळी. फोनवर माप विचारताना चौकटीच्या आतून घेतले की बाहेरून, हे विचारून घ्यावे, कारण या दोन मापांत सहज १५ ते २० सेंटिमीटरचा फरक पडतो.

माप हाती आल्यावरही थेट साखळ्या घालायला सुरुवात करू नये. त्याच दोऱ्याने आणि त्याच सुईने साधारण १५ सेंटिमीटर चौरसाचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून, त्याच्या मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, बसतात ते मोजावे. समजा २२ बसले आणि तोरण ९० सेंटिमीटर हवे आहे, तर १९८ खांब लागतील. मात्र नमुना जर आठ खांबांनी पुन्हा येत असेल आणि शेवटी एक खांब जास्तीचा लागत असेल, तर १९८ हा आकडा उपयोगाचा नाही. १९३ किंवा २०१ यांतून निवड करावी लागते. १९३ घेतल्यास तोरण सुमारे ८८ सेंटिमीटर होते आणि २०१ घेतल्यास सुमारे ९१. हा हिशेब कागदावर न करता शेवटच्या टोकाला पोहोचल्यावर नमुना अर्धा तुटला म्हणून दोन-चार खांब कुठेतरी दडवले जातात, आणि नेमकी तीच जागा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते.

टांगल्यावर तोरण मधोमध लोंबत असेल तर दोष विणीत शोधू नये. सुती दोरा स्वतःच्या वजनाने ताणला जातो. वरच्या पट्टीमागे न ताणली जाणारी सुती फीत शिवावी, किंवा पट्टीतून बारीक काठी जाईल अशी नळी ठेवावी. खाली सोडलेल्या लोलकांची संख्या विषम ठेवल्यास एक लोलक बरोबर मध्यावर येतो आणि दोन्ही बाजू आपोआप सारख्या दिसतात.

गोल रुमालाच्या बाबतीत दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. कडेला झालर आल्यासारखी होत असेल, तर वाढी जास्त झाल्या आहेत. रुमाल वाटीसारखा वर उचलला जात असेल, तर त्या कमी पडल्या आहेत. साध्या खांबांच्या सपाट वर्तुळात पहिल्या फेरीत १२, दुसऱ्या फेरीत २४, तिसऱ्या फेरीत ३६ असे प्रत्येक फेरीला १२ खांब वाढत जातात. हात सैल असेल त्याने एखादी फेरी वाढ न करता घालावी. इंटरनेटवरून घेतलेला नमुना विचित्र उंचीचा होत असेल तर तो अमेरिकन आहे की ब्रिटिश ते आधी तपासावे, कारण अमेरिकन नमुन्यातील ‘डबल क्रोशे’ ब्रिटिश नमुन्यात ‘ट्रेबल’ असते, आणि ब्रिटिश ‘डबल’ म्हणजे त्याहून बुटका टाका.

एकच वस्तू अनेक हातांनी विणणे

कलावंत कुटुंबात हा मोह फार असतो. आजी, काकू, वहिनी आणि शाळेतली मुलगी, सगळ्यांनी मिळून एक पलंगपोस करावा, म्हणजे भेट साऱ्या घराची होईल, असे वाटते. कल्पना चांगली आहे, पण प्रत्येक हाताची ओढ वेगळी असते आणि एकाच पट्टीवर दोघींनी काम केले की हात बदललेली जागा लगेच ओळखू येते. अशा वेळी सुट्या चौकोनांचा नमुना निवडावा, प्रत्येकीने आपले चौकोन पूर्ण करावेत, आणि जिचे चौकोन मोठे होतात तिने पाव किंवा अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्यावी. सगळे चौकोन ओले करून, थर्मोकोलवर एकाच मापाच्या चौकटीत टाचण्यांनी ताणून वाळवल्यावरच जोडावेत. कडेची किनार मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच हातची असावी, कारण बाकीचे लहानसहान फरक ती झाकून घेते.

दोऱ्याचे गुंडे सगळ्यांसाठी एकदमच घ्यावेत. वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेचाही क्रमांक असतो. रंग तोच पण लॉट वेगळा असला तर दुकानात न दिसलेला फरक पलंगपोस अंथरल्यावर दिसतो. एखादा गुंडा जास्तीचा घेतलेला कधीही बरा.

गोधडीत नवे आणि जुने कापड मिसळणे

गोधडी ही मुळात मऊ झालेल्या कापडाची वस्तू आहे. एक नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर भरते. तिचे चार भाग केले की सुमारे दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात आणि एका माणसाच्या पांघरुणाचा गाभा तयार होतो. इथपर्यंत कोणी चुकत नाही. भेट उठावदार दिसावी म्हणून वरच्या थराला नवे, कोरे कापड आणले जाते तिथे बिघाडाला सुरुवात होते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के, सैल विणीचे असेल तर त्याहूनही जास्त आटते. दोन मीटर लांबीवर पाच टक्के म्हणजे १० सेंटिमीटर. आतली जुनी नऊवारी केव्हाच आटून झालेली असते, म्हणून एका धुण्यात वरचा थर आखडतो आणि गोधडीभर सुरकुत्या उठतात. नवे कापड बेतण्यापूर्वी दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. पॉलिएस्टरमिश्रित कापड जवळजवळ आटत नाही, त्यामुळे ते आणि कोरे सुती कापड शेजारीशेजारी जोडू नये.

रंग उतरण्याची परीक्षा त्याच वेळी घ्यावी. लाल, मरून, गडद निळा आणि काळा या रंगांवर ओला पांढरा फडका ठेवून वरून गरम इस्त्री फिरवावी. फडक्यावर डाग आला तर ते कापड पांढऱ्याजवळ नको. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवल्याने रंग पक्का होतो, हा समज घरोघरी आहे, पण बाजारातून रंगवून आलेल्या कापडाला त्याचा भरवसा धरता येत नाही. जास्तीचा रंग निघून जाईपर्यंत ते वेगळे धूत राहणे हाच उपाय, आणि तरीही रंग जात राहिला तर ते कापड भेटीच्या गोधडीत घालू नये.

दोऱ्याची निवडही बहुतेकांकडून चुकते. टिकाऊ म्हणून घेतलेला जाड पॉलिएस्टर दोरा जुन्या मऊ कापडाला कापत जातो आणि काही वर्षांत टाके शाबूत पण कापड फाटलेले, अशी अवस्था होते. कापडापेक्षा दोरा किंचित दुबळा असलेला चांगला, कारण तुटलेला टाका पुन्हा घालता येतो. आणखी एक गोष्ट शिवणाऱ्या बायका जाणतात, पण घाईत सोडून देतात: सगळे थर जमिनीवर पसरून, मध्यापासून कडेकडे हाताने सपाट करत, वीतभर अंतरावर कच्चा दोरा घातल्याशिवाय पक्का धावदोरा सुरू करू नये. कडेपासून आत चौकोनात चौकोन अशी शिवण घालायची असेल तर हे अधिकच आवश्यक ठरते. नाही तर सगळा सैलपणा सरकत सरकत मध्यभागी येऊन साचतो. तसा फुगा आलाच, तर त्यावर टाके दाटून तो दडपण्यापेक्षा मधल्या तीन-चार रांगा उसवून वरचा थर पुन्हा पसरवणे कमी कष्टाचे आहे.

नक्षी कुठे वापरली जाणार, याचा विचार न करणे

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, हा नमुने काढणाऱ्यासाठी खजिनाच आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी कारागिरांना काम देऊन ही कला जगवली. दशावतारी गंजिफेच्या संचात १२० गोल पाने असतात. दहा अवतारांची प्रत्येकी १२, त्यांत राजा, प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची पाने. आकड्यांच्या पानांवर त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा येते. एका लहानशा वर्तुळात सात मासे किंवा नऊ परशू दाटी न होता कसे बसवायचे, याचा इतका चांगला धडा दुसरीकडे मिळणे कठीण.

चूक होते ती राजाचे पान उचलून जसेच्या तसे उशीच्या अभ्र्यावर किंवा पायपुसण्यावर भरण्यात. ज्या घरात त्या अवताराची पूजा होते तिथे ही भेट वापरायची कशी, असा पेच पडतो आणि ती कपाटात जाते. अंथरायच्या किंवा पायाखाली येणाऱ्या वस्तूसाठी पानाच्या कडेची फुलांची नक्षी घ्यावी. अवतारांच्या मूर्ती भिंतीवरच्या चौकटीसाठी राखून ठेवाव्यात. तळहातात मावणारे चित्र मोठे करताना रेघा विरळ होतात आणि मधली जागा रिकामी वाटू लागते, म्हणून नुसते मोठे न करता भरणीची रेघ नव्याने काढावी लागते. गोल नमुना चौकोनी कापडावर घेतला की चार कोपरे उघडे पडतात; त्यांचे रेखाटन नंतर सुचेल म्हणून सोडू नये.

विणकामात चित्र बसवणाऱ्यांसाठी एक सूचना. दोन सुयांवरच्या साध्या विणीचा टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो, त्यामुळे चौकोनी आलेखाच्या कागदावर काढलेला मासा विणल्यावर चपटा दिसतो. टाक्याच्या प्रमाणात आखलेला कागद वापरावा.

बारशाच्या दिवसाचे माप धरणे

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो, सहाव्या महिन्यात तो ४२ ते ४३ आणि वर्षाच्या सुमारास ४५ ते ४६ होतो. बाराव्या दिवसाच्या मापाचे टोपरे महिन्या-दोन महिन्यांत घट्ट होते, म्हणून सहा महिन्यांचे माप धरणे शहाणपणाचे. कोकणच्या दमट उकाड्यात ॲक्रिलिक लोकरीची टोपी बाळाला घामाने हैराण करते. मऊ सुती दोरा किंवा जुन्या मलमलीचे अस्तर घ्यावे. मणी, घुंगरू आणि सुटणारी बटणे लावू नयेत, कारण ती तोंडात जातात. कुंचीचे बंद आखूड असावेत. बाळ एकटे झोपलेले असताना गोधडी पांघरायला न घालता ती खाली खेळायला अंथरावी, हे देणाऱ्यानेच सांगितलेले बरे. कपड्यांत डांबरगोळ्या ठेवून दिलेले बारशाचे गाठोडे तर अजिबात देऊ नये: त्या गोळ्यांतील नॅफ्थॅलिनमुळे काही विशिष्ट जन्मजात दोष असलेल्या बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि हा दोष बाळात आहे की नाही हे तपासणीविना कळत नाही.

पावसाळ्याचा हिशेब न धरणे

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता बहुतेक वेळा ८५ टक्क्यांच्या वर असते. गणपतीत द्यायची गोधडी श्रावणात धुतली तर ती आठवडाभर कुबट वास धरून बसते. जड कापडाचे काम मृगापूर्वी धुऊन, कडक उन्हात वाळवून पूर्ण करावे आणि पावसाळ्यात हाताशी हलके काम ठेवावे. खळ घातलेले क्रोशाकाम पावसाळाभर ठेवून दिल्यास त्यावर बुरा धरतो आणि कसर लागते. खळ देण्याच्या आदल्या दिवशी घालावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, त्यामुळे धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवणे चांगले. वर्तमानपत्रात पांढरे काम गुंडाळू नये, शाई उतरते.

खाऱ्या हवेत सुया-टाचण्या लवकर गंजतात. काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवण्याची सवय इथे महाग पडते. गंजाचा डाग पडला तर क्लोरीनयुक्त ब्लीच लावू नये, त्याने डाग उलट पक्का होतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावे आणि मग स्वच्छ धुवावे. रंगीत कापडावर हाच प्रयोग आधी शिवणीच्या आतल्या बाजूला करून पाहावा.

देताना

सगळेच हाताने करणारे असले की एका वास्तुशांतीला तीन तोरणे जमतात. कोण काय करणार हे काम सुरू होण्यापूर्वी घरात ठरवून घ्यावे, आणि थोरल्या जावेला किंवा आत्याला त्याची नोंद ठेवायला सांगावे. नववधूच्या ओवशाच्या (गौरीपुढे सुपे ठेवून करायच्या विधीच्या) सुपांवर घालायचे भरतकामाचे रुमाल करायचे असतील तर सुपे बुरुडाकडून घरी आल्यावरच माप घ्यावे, कारण हाताने वळलेली दोन सुपे तंतोतंत सारखी नसतात.

भेटीबरोबर एक चिठ्ठी अवश्य ठेवावी. तिच्यात कापड आणि दोरा कशाचा आहे, पहिले धुणे वेगळे करावे की नाही, पिळावे की नुसते दाबून पाणी काढावे, सावलीत वाळवावे की उन्हात, एवढे लिहिले की पुरते. चिठ्ठीलाच उरलेल्या दोऱ्याची छोटी गुंडी आणि वरच्या कापडाचा वीतभर तुकडा टाचून द्यावा, म्हणजे पुढे एखादा लोलक तुटला किंवा गोधडीचा कोपरा झिजला तर त्याच रंगात दुरुस्ती करता येईल. टाचायला टाचणी न वापरता दोऱ्याचाच टाका घालावा.