जुन्या स्पीकरांवर घरचं थिएटर कसं उभारावं

सत्तरच्या दशकातली दणकट स्पीकरजोडी हाती लागली की रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र), प्रोजेक्टर, आणखी चार-पाच स्पीकर असं सगळं एकदम घ्यायचा मोह होतो. तो आवरा. अशा थिएटरची सगळी मदार पुढच्या डाव्या-उजव्या जोडीवर असते. ती मनासारखी वाजायला लागली की बाकीचं तिच्याभोवती बसवता येतं. उलट्या क्रमाने गेलात तर पैसेही जातात आणि आवाजाचा मेळही बसत नाही.

जोडी पारखून घ्या

जुनं ते सगळंच सोनं नसतं. १९७०चा जेबीएल एल-१०० हा त्याच कंपनीच्या ४३१० या स्टुडिओ मॉनिटरचा (स्टुडिओत रेकॉर्डिंग ऐकायच्या स्पीकरचा) घरगुती अवतार. तो थोड्या पॉवरवरही मोकळा वाजतो आणि गाणं-सिनेमा दोन्हींत रंगतो. थिएटरसाठी माझी पहिली पसंती त्यालाच. १९६७चा एआर-३ए हा सीलबंद खोक्याचा, खर्जाला फार सुंदर, पण ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो कमी तितका ॲम्प्लिफायरवर भार जास्त) आणि पॉवर खाणारा. साध्या रिसीव्हरला तो झेपत नाही. यामाहा एनएस-१०००एमचे मिडरेंज आणि ट्वीटर (मधले आणि वरचे सूर वाजवणारे भाग) बेरिलियम या धातूचे आहेत. ते जळले तर तसेच दुसरे मिळवताना नाकी नऊ येतात, आणि त्या धातूची पूड विषारी असल्यामुळे चेपलेल्या घुमटाकार पडद्याला हातही लावू नये. बीबीसीने प्रसारणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस३/५ए लहान खोलीत बोललेला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकवतो. धरणीकंपाची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नका.

बघायला जाताना टॉर्च, मल्टिमीटर आणि १.५ व्होल्टचा सेल सोबत न्या. जाळी काढून वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) कोनाभोवतीची, म्हणजे हलणाऱ्या पडद्याभोवतीची, कडा बघा. ती फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. चुरा झाला किंवा चिकट लागली, तर ती बदलावी लागणार हे धरूनच भाव करा. आपल्या दमट हवेत फोम टिकत नाही, कापडी आणि रबरी कडा मात्र वर्षानुवर्षं चालतात. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा आत ढकला. खरखर ऐकू आली तर व्हॉइस कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) घासते आहे.

८ ओहमच्या स्पीकरला मल्टिमीटर साधारण ५.५ ते ७ दाखवतो. पण खोक्याच्या मागून मोजलेला हा आकडा फक्त वूफरचा असतो. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असल्यामुळे तो मीटरला दिसतच नाही, म्हणून त्याला कान लावूनच तपासा. तंबोरा किंवा झांजा असलेलं एखादं रेकॉर्डिंग हळू आवाजात लावलं की लगेच कळतं. शेवटी खोक्याची खालची कड बघा, फुगलेलं लाकूड किंवा वाळवीची माती दिसली तर सरळ परत फिरा.

आधी दुरुस्ती

फोमची कडा घरी बदलता येते, घाई केली नाही तर. नेमक्या मॉडेलची कडा मागवा. नुसता वूफरचा इंचातला आकार जुळून भागत नाही. जुना फोम आणि वाळलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून सावकाश काढा. नवी कडा आधी कोनाला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. मग फ्रेमला डिंक लावून कडा टेकवा आणि ॲम्प्लिफायरवरून ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडा. कोन आतबाहेर हलत राहील. कान जवळ नेऊन घासल्याचा आवाज येतो का बघा आणि कडा केसभर इकडेतिकडे सरकवत राहा. आवाज निवळला की तिथेच दाबून धरा. डिंकाने पकड घेतली की सूर बंद करून रात्रभर हात लावू नका.

दुसरं काम क्रॉसओव्हरचं, म्हणजे सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणाऱ्या सर्किटचं. त्यातले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात आणि वरचे सूर मंद होतात. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, प्रकार नॉन-पोलर (धन-ऋण टोक नसलेला), आणि बदल दोन्ही खोक्यांत एकाच वेळी. भारी किमतीचे कपॅसिटर घालून आवाज ‘सुधारायला’ जाऊ नका, बनवणाऱ्याने साधलेला तोल त्याने बिघडतो. पातळी कमीजास्त करायची बटणं मागेपुढे फिरवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधा.

सेलची चाचणी इथे कामाला येते. सेलचं धन टोक लाल टर्मिनलला क्षणभर लावलं की वूफर बाहेर यायला हवा. जुने जेबीएल मात्र आत जातात. कंपनीची तेव्हाची पद्धतच तशी होती, तो दोष नव्हे. अशा जोडीशेजारी दुसऱ्या कंपनीचे स्पीकर असतील, तर जेबीएलच्या दोन्ही खोक्यांच्या तारा उलट जोडा. नाहीतर एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो.

गाणं आणि सिनेमा, दोघांची सोय

प्री-आउट (दुसऱ्या ॲम्प्लिफायरकडे सिग्नल न्यायची जागा) असलेलाच एव्ही रिसीव्हर घ्या. त्याचे पुढचे दोन प्री-आउट चांगल्या स्टीरिओ ॲम्प्लिफायरच्या मेन-इनला (थेट पॉवरच्या भागात जाणाऱ्या इनपुटला) द्या आणि जुनी जोडी त्या ॲम्प्लिफायरवर ठेवा. गाणं ऐकताना रिसीव्हर बंद, टर्नटेबल थेट ॲम्प्लिफायरवर. सिनेमाच्या वेळी तोच ॲम्प्लिफायर नुसती पॉवर पुरवतो. मेन-इन नसेल तर ऑक्समध्ये (साध्या जादा इनपुटमध्ये) जोडा, व्हॉल्यूमच्या बटणावर खूण करा आणि सिनेमाला ते कायम तिथेच ठेवा.

जपानच्या बाजारासाठी बनलेले जुने ॲम्प्लिफायर १०० व्होल्टचे असतात. मागची पट्टी वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावू नका, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

खोली

अर्धा आवाज खोलीचा असतो, आणि इथे खर्च केलेला वेळ कुठल्याही महागड्या केबलपेक्षा जास्त देतो. १५ फूट लांबीत ३८ हर्ट्झच्या आसपास आणि १२ फूट रुंदीत ४७च्या आसपास खर्ज घुमतो. खोली १२ बाय १२ असेल तर दोन्ही घुमणी एकाच सुरावर येतात आणि तबल्याचा डग्गा नुसता बदबद वाजतो. म्हणून चौरस खोली शक्यतो टाळा. सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका, खोलीच्या बरोबर मध्येही नको. डावा, उजवा आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. एल-१००सारखा दोन फुटी खोका जमिनीवर ठेवला तर आवाज गुडघ्यांशी येतो. त्याला खाली थोडा मागे कललेला स्टँड द्या.

आपल्याकडे भिंती प्लास्टरच्या आणि खाली फरशी, त्यामुळे आवाज नाचतो. पुढे जाड सतरंजी, बाजूला भरलेलं पुस्तकांचं कपाट, मागे जड पडदा एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

मधला स्पीकर

सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, म्हणून खरी कसोटी इथे. पन्नास वर्षं जुन्या जोडीमध्ये आजचा आडवा सेंटर ठेवला की पडद्यावरचा माणूस डावीकडून उजवीकडे चालताना त्याचा आवाज वाटेत बदलतो. त्याच मॉडेलचा तिसरा नग मिळाला तर उत्तम. नसेल तर रिसीव्हरमध्ये सेंटर ‘नाही’ असं सांगा. बोलणं डाव्या-उजव्यात समान वाटलं जातं आणि त्रिकोण नीट असेल तर बरोबर मधूनच ऐकू येतं. दोघा-तिघांच्या घरात मी हाच मार्ग सुचवेन. बाजूला बसणाऱ्यांना मात्र आवाज जवळच्या स्पीकरकडे सरकल्यासारखा वाटेल.

मागच्या दोन स्पीकरांसाठी जुने शोधत बसू नका. छोटे नवे स्पीकर समोरच्या रेषेपासून साधारण ११० अंशांवर लावले की झालं.

जुळवणी

सबवूफर (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) जरूर घ्या. सिनेमासाठी रिसीव्हरमध्ये जुनी जोडी ‘स्मॉल’ करून तिच्याकडे जाणारा ८० हर्ट्झखालचा खर्ज छाटा. स्फोटांचा भार सबवर जातो आणि जुने कोन वाचतात. गाण्याला मात्र त्यांना पूर्ण मोकळं वाजू द्या. प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा, मग चाचणीच्या आवाजावर बसायच्या जागी सगळ्यांची पातळी ७५ डेसिबलला आणा. सबचा फेज (त्याच्या हालचालीचा बाकीच्या स्पीकरांशी मेळ) ० आणि १८० असा फिरवून ८० हर्ट्झचा सूर जिथे जास्त भरीव येतो तिथे ठेवा. दर पावसाळ्यानंतर जाळी काढून कडा बघा आणि पातळ्या पुन्हा एकदा मोजा.