ब्लॉगचे वाचक अचानक घटले? लिखाणाला दोष देण्याआधी या चुका तपासा

वाचक कमी झाले की बहुतेक ब्लॉगर शीर्षकं भडक करतात किंवा रोज काहीतरी टाकायला लागतात. त्याआधी ब्लॉग कुणी फोडलेला नाही ना, ते पाहा. सुरक्षा आणि वाचकसंख्या ही दोन वेगळी कामं समजणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

हॅक झालेला ब्लॉग मालकाला बऱ्याचदा ठणठणीत दिसतो. घुसखोर नकली मालाची, औषधांची शेकडो पानं आत कोंबतो आणि ती फक्त सर्च इंजिनलाच दाखवतो. गूगलवर इंग्रजीत 'साइट', त्याला लागून कोलन आणि पुढे जागा न सोडता तुमचा पत्ता टाकून शोधा. तुम्ही न लिहिलेली पानं निघाली तर रोग सापडला. मग सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातला सुरक्षेचा अहवाल उघडा आणि तिथल्या मालकांच्या यादीत कुणी अनोळखी माणूस तर नाही ना, तेही बघा. काही हॅकर स्वतःला तिथेच मालक करून घेतात.

ही मंडळी आत येतात ती बहुधा जुन्या प्लगइनमधून (ब्लॉगला जोडलेल्या जादा सोयीतून), नाहीतर 'फुकट मिळाली' म्हणून टाकलेल्या पेड थीममधून, म्हणजे ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या साच्यातून. वर्डप्रेसवर नको असलेलं प्लगइन नुसतं बंद करून ठेवू नका, काढूनच टाका. बंद केलं तरी त्याच्या फायली सर्व्हरवर पडूनच असतात. पासवर्ड लांब हवा, इतर कुठेही न वापरलेला हवा, आणि लॉगिनला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी हवी. ईमेल खात्यालाही तीच लावा, कारण पासवर्ड बदलायची लिंक शेवटी तिथेच येते.

बॅकअप ब्लॉग जिथे आहे त्याच होस्टिंगवर (सर्व्हरवर) ठेवला असेल, तर तो नसल्यातच जमा. शिवाय जुना बॅकअप परत चढवून गप्प बसू नका. ज्या भोकातून चोर आला ते त्या प्रतीतही असणारच, ते आधी बुजवा.

2018 पासून क्रोम एचटीटीपीएस (वाचक आणि साइट यांच्यातली कूटबद्ध जोडणी) नसलेल्या साइटला 'असुरक्षित' म्हणतं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, पण नेहमीचं 90 दिवसांचंच असतं. आपोआप नूतनीकरण बंद पडलं की वाचकापुढे थेट इशाऱ्याचं पान येतं, आणि तिथून पुढे येणारे विरळाच.

ब्लॉग स्वच्छ निघाला तर वर्डप्रेसच्या 'वाचन' सेटिंगमध्ये जा. सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक चौकट तिथे असते. ब्लॉग उभारताना टिक केलेली ती तशीच राहून जाते. कीवर्डच्या मेटा टॅगमागे (पानाच्या कोडमध्ये लपलेल्या शोधशब्दांच्या यादीमागे) मात्र वेळ घालवू नका. गूगलनं 2009 मध्येच सांगितलंय की क्रमवारीसाठी तो वापरला जात नाही.

मराठी ब्लॉगांवर एक गडबड हमखास दिसते. लेखाच्या पत्त्यात देवनागरी राहिली, तर लिंक कॉपी करताना एकेका अक्षराचा किंवा मात्रेचा नऊ चिन्हांचा टक्केवाला कोड होतो. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला 200 चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे बावीसेक अक्षरं-मात्रांनंतर पत्त्यातलं शीर्षक मध्येच तुटतं. चॅटमध्ये आलेली ती लांबलचक लिंक बघून कुणालाही स्पॅमच वाटेल. नव्या लेखाला रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता द्या. जुने पत्ते उगाच बदलू नका. बदललेच तर जुनी लिंक उघडून पाहा. लेखाचा पत्ता बदलला की वर्डप्रेस बहुधा स्वतःच नव्या पत्त्यावर नेतं; नेत नसेल तर 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्यावर पाठवणारी सोय) लावा, नाहीतर आधी कुणी शेअर केलेली लिंक 'पान सापडलं नाही' म्हणेल.