आर्नहेमच्या एका पॅराट्रूपरला भेटायला जायचं असेल तर

नेदरलँड्सला आपली मंडळी येतात, ट्युलिप बघतात, पवनचक्कीपुढे फोटो काढतात की झाली ट्रिप. मी घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतो, एक दिवस आर्नहेमसाठी ठेवा आणि शेजारच्या ओस्टरबेकच्या वॉर सिमेट्रीत, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीत, जाऊन या. दुसऱ्या महायुद्धात आर्नहेमचा नदीवरचा पूल जर्मनांकडून घ्यायला ब्रिटिश पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरणारे सैनिक, इथे उतरले होते. पण तिथे सतराशेच्या वर कबरी आहेत, नुसतं फिरलात तर घरी येईपर्यंत एकही नाव आठवत नाही. म्हणून निघायच्या आधी एकच माणूस ठरवा.

सुचत नसेल तर त्यांच्यातला जॉन ग्रेबर्न घ्या. कराचीच्या मनोरा बेटावर १९१८ साली जन्मला, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होतं, म्हणजे कागदोपत्री आपल्याच इलाख्यातला पोरगा! १७ सप्टेंबर १९४४ ला पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनबरोबर उतरला, त्याच रात्री पुलावर चाल करताना खांद्यात गोळी लागली, आडोसा काहीच नव्हता, माणसं मागे घ्यावी लागली तेव्हा सगळ्यात शेवटी हा आला. २० तारखेला जर्मन पुलाखाली स्फोटकं लावत होते त्यांना हुसकवायला गेला, परत जखमी, आणि शेवटी रणगाडा अंगावर आला तर उघड्यावर उभा राहून आपल्या पोरांना मागे जायच्या खुणा करत राहिला. त्याच रात्री गेला. वय २६. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मरणोत्तर.

आता तयारी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या साइटवर (खडकीची वॉर सिमेट्री सांभाळतात तेच हे) आडनाव टाकून शोधा, प्लॉट, रांग आणि कबर नंबर मिळतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी पहिल्यांदा नंबर न घेता गेलो आणि पावसात तासभर भटकलो, शहाणपणा नडला दुसरं काय.

आधी आर्नहेममध्ये पुलावर जा. आता त्याला जॉन फ्रॉस्ट ब्रिज म्हणतात (फ्रॉस्ट म्हणजे त्या दुसऱ्या बटालियनचा कमांडर), मूळचा पूल ऑक्टोबर १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्याच विमानांनी पाडला, आताचा युद्धानंतर तसाच परत बांधलाय. एका टोकाला उभं राहून दुसरं टोक किती लांब आहे ते बघा, मग वरची हकीकत नीट कळते. तिथून ट्रेनने ओस्टरबेक, स्टेशनवरून सिमेट्री चालत जाण्यासारखी आहे. वेळ असेल तर हार्टेनस्टाइन म्युझियम करा, लढाईत या ब्रिटिश पॅराट्रूपरांच्या डिव्हिजनचं हेडक्वार्टर तिथेच होतं.

कबरीपाशी घाई नको. रेजिमेंटचं चिन्ह, नाव, वय आणि खाली घरच्यांनी लिहायला दिलेली ओळ असेल तर ती, सगळं सावकाश वाचा, मग डावी-उजवीकडची वयं बघा, १९, २०, २१ अशी पोरं आहेत हो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना नाव मोठ्याने वाचायला सांगा. कुंकू, तेल, अगरबत्ती नको, दगडावर डाग बसतात.

सप्टेंबरमध्ये स्मरणाचा कार्यक्रम असतो, गावातली शाळकरी मुलं एकेका कबरीमागे उभी राहून फुलं ठेवतात, १९४५ पासून चालू आहे हे. बघण्यासारखंच आहे, पण गर्दी होते, निवांत हवं तर साधा मधला वार बरा.

फुलं आर्नहेममधूनच घेऊन निघा आणि दोन जास्त घ्या. बऱ्याच दगडांवर नावच नाही, १९३९-१९४५ च्या युद्धातला एक सैनिक, एवढंच कोरलंय.