डीएसएलआर सोडून मिररलेस घेताय? या चुका टाळा

मिररलेस, म्हणजे डीएसएलआरमधला आरसा नसलेला कॅमेरा, घेणाऱ्या बहुतेकांची पहिली अपेक्षा एकच असते, बॅग हलकी व्हावी. मे महिन्यात बीड-लातूरकडच्या लग्नात सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत दोन बॉड्या वागवणाऱ्याला त्याचं कारण सांगायला नको. पण पैसे मोजण्याआधी वजनांचा हिशेब करा.

कॅननचा डीएसएलआर ५डी मार्क ४ बॅटरी-कार्डासकट ८९० ग्रॅम, मिररलेस आर६ मार्क २ भरते ६७०. वाचले २२० ग्रॅम. आता लेन्स बघा. ईएफ (डीएसएलआरच्या माउंटची) २४-७० एफ/२.८ची दुसरी आवृत्ती ८०५ ग्रॅमची, तर तीच आरएफमध्ये (मिररलेसच्या माउंटमध्ये) ९०० ग्रॅमची. जुनीच ठेवायची म्हटलं तर ती नव्या बॉडीवर बसवणाऱ्या अडॅप्टरचे ११० ग्रॅम वाढतात. कसंही करा, बचत निम्म्यावर येते. आरसा काढल्याने बॉडी पातळ होते. सेन्सर आणि एफ/२.८ तेच राहिले तर काच तेवढीच लागते. वजन खरंच उतरवायचं असेल तर एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, सोडा. ७०-२०० एफ/२.८ची जुनी ईएफ सुमारे दीड किलोची, आरएफची एफ/४ साधारण ७०० ग्रॅमची. स्टेजवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००ऐवजी ६४०० ठेवावा लागेल, आणि अल्बमच्या प्रिंटमध्ये तो फरक फारसा कळत नाही.

अडॅप्टर आहे म्हणून सगळं चालेल, असं धरू नका. जुन्या लेन्स झेड मिररलेसवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. त्यामुळे ५० एमएम एफ/१.८डीसारखी, बॉडीतल्या मोटरवर फिरणारी लेन्स त्यावर फक्त हाताने फोकस होते. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, तिथे ही अडचण नाही. मात्र ईएफ-एस, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, लेन्स आर६ मार्क २वर लावली की फोटो क्रॉप होतो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम ९ उरतात. नवी आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसत नाही, हेही विसरू नका. दुसरी बॉडी डीएसएलआरच राहणार असेल तर ईएफ लेन्स विकायची घाई नको.

सायलेंट मोडवर, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर, लग्न काढू नका. हे शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं. साध्या बॉड्यांना त्यासाठी १/२० ते १/६० सेकंद लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. परिणाम, नवरीच्या चेहऱ्यावर आडवे पट्टे आणि हलगीवाल्याच्या हातातली काडी वाकडी. मेकॅनिकल शटर लावा, स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा, अँटी-फ्लिकर सुरू करा. स्टेजमागच्या एलईडी वॉलची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, तिथे एखादा टेस्ट शॉट काढून झूम करून बघाच. बहुतेक बॉड्यांत सायलेंट मोडमध्ये फ्लॅशही पेटत नाही. “नवा कॅमेरा फ्लॅश घेत नाही” या तक्रारीचं मूळ बहुधा हेच असतं. सायलेंट मोडची खरी जागा अजिंठ्याची लेणी. तिथे फ्लॅशला बंदीच आहे आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन असेल तर वाइड लेन्सवर १/८ सेकंदही हातात पेलतो.

स्टुडिओत फ्लॅशसाठी एफ/८, १/१६०, आयएसओ १०० लावलं आणि व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट झाला, तर कॅमेरा बिघडलेला नाही. एक्स्पोजर सिम्युलेशन (सेटिंगनुसार फोटो किती उजळ येईल ते आधीच दाखवणारी सोय) बंद करा. सोनीत हीच सेटिंग ‘सेटिंग इफेक्ट’ या नावाने आहे.

बॅटरी. एका चार्जवर निकॉनच्या डीएसएलआर डी७५०चा कंपनीचा आकडा १२३० शॉट, मिररलेस झेड६चा ३१०. प्रत्यक्षात सलग शॉट मारले तर बरेच जास्त निघतात, तरी दिवसभराच्या ऑर्डरला तीन-चार बॅटऱ्या हव्यातच. ऑटो पॉवर ऑफ ३० सेकंदांवर आणा. जुनी ईएन-ईएल१५ बॅटरी झेड६मध्ये चालते, पण यूएसबीने कॅमेऱ्यातच चार्ज फक्त तिच्या ‘बी’ आणि ‘सी’ आवृत्त्या होतात. कॅनन आर६ला तर पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जर किंवा पीडी पॉवर बँकच लागते, मोबाइलचा साधा चार्जर चालत नाही. लोडशेडिंगच्या गावात हे आधीच तपासलेलं बरं.

धूळ. मराठवाड्यात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे आरसा आणि बंद शटर असतं; मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडा. काही बॉड्यांत कॅमेरा बंद केल्यावर शटर बंद करायची सोय मेन्यूत असते, ती आधी चालू करा. लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड जमिनीकडे, पाठ वाऱ्याकडे, आणि दुसऱ्या लेन्सचं मागचं झाकण आधीच सैल केलेलं. वरातीत गुलाल उधळत असताना लेन्स बदलूच नका.

डाग आहेत का ते पाहायला एफ/१६, आयएसओ १००वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढा. दिसले तर आधी मेन्यूतलं सेन्सर क्लीनिंग, मग हातातला रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, हवेचा स्प्रे कॅनही नको. तरीही डाग राहिला तरच स्वॉब (सेन्सर पुसायची काडी): फुल फ्रेमला २४ एमएम, एपीएस-सीला (लहान सेन्सरला) १६ एमएम, द्रावणाचे एक-दोन थेंब. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. मध्येच संपली तर काही बॉड्यांत शटर स्वॉबवर आपटू शकतं.