मिनी लेथचं थरथरणं कसं गेलं

७ बाय १२ इंची (साधारण ७ इंच व्यासाचा, १२ इंच लांबीचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बसणारा) स्वस्त चिनी लेथ खोक्यातून काढून तसाच चालवला, तर माइल्ड स्टीलवर अर्ध्या मिमीचा कटही धड लागत नाही. टूल थरथरतं, जॉबवर बारीक लाटा उमटतात. संशय मोटरवर जातो. दोष बहुतेक वेळा ढिल्या गिबचा, म्हणजे सरकत्या भागातली फट भरणाऱ्या पट्टीचा.

आधी सगळं चिकट ग्रीस रॉकेलने धुतलं. (त्यात कचही निघते.) मग टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या बाजूचे, गिबचे स्क्रू जागेवर धरणारे एम ४ चे चेकनट ७ च्या पान्याने सैल केले. गिब दाबणारा प्रत्येक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) ॲलन कीने टेकेपर्यंत आवळला आणि किंचित मागे घेतला. नट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो, म्हणून ॲलन की घट्ट धरून ठेवायची. सेटिंग बिघडतं ते इथेच. हँडल थोडं जड, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं फिरायला हवं. कंपाउंडलाही, म्हणजे वरच्या छोट्या स्लाइडलाही, तेच केलं.

टूलचं टोक टेलस्टॉक सेंटरपेक्षा (चकसमोरच्या टोकदार आधारापेक्षा) अर्धा मिमी खाली होतं. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा दात घासून टूलखाली सरकवला, फेसिंगला (जॉबचं तोंड सपाट करताना) मधे राहणारं बोंड गेलं.

पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करताना) कुरकुर अजून आहे. तिथे टूल कमी बाहेर काढायचं, जॉब चकजवळच कापायचा.